हिरवा ठिपका

गिटार गप्प करण्यात मास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि मास्तरांना गप्प करणारंही कुणी नव्हतं. म्हणून तर त्यांचं नाव पडलं गप्पमास्तर. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की तोंडाचा पट्टा सुरू, तो जेवायला बसल्यावरही घासाघासाला चालूच. शेजारचा शिंपी म्हणायचा, "मास्तर, तुम्हालाही एक अर्थिंगची वायर जोडून घ्या." मास्तर म्हणायचे, "जोडली होती, लग्नात. काही फरक पडला नाही."

आता काम काय ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं डोक्यावरून जाणार नाही. विजेवर वाजणारी गिटार ही जात मुळात भोचक. तिच्या तारांखाली पिकअप नावाची चुंबकाची डबी असते, आणि त्या डबीत केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे. तिने वरच्या तारांचं तेवढं ऐकावं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. पण ऐकेल ती पिकअप कसली? ट्यूबलाइट, पंखा, शिंप्याचं मशीन, भिंतीतली वायर, हवेतून चाललेलं एखादं रेडिओ केंद्र, सगळ्यांचं बोलणं ही कान देऊन ऐकते आणि स्पीकरमधून गावभर करते. त्या आवाजातही दोन प्रकार. एक खालचा, जाडा: घुं. तो कुणालाही कळतो. दुसरा वरचा, बारीक, दातातून कळ गेल्यासारखा: झिणझिण. तो ओळखायला कान लागतो, आणि मास्तरांकडे तो होता.

गिटारचं मागचं झाकण काढलं की जी पोकळी दिसते तिला मास्तर पोट म्हणत. त्या पोटाला ते आतून तांब्याच्या पातळ पट्ट्यांचं अस्तर लावायचे. सगळ्या अर्थिंगच्या वायरी एकाच जागी आणून बांधायच्या, आणि जिथे दोन पट्ट्या एकमेकींवर येतात त्या सांध्यावर तापलेल्या आयर्नने सोल्डरचा, म्हणजे वितळलेल्या कथलाचा, एक थेंब टाकायचा. पट्टीखालचा गोंद वीज पुढे नेत नाही, थेंब राहिला तर ते अस्तर नुसतं शोभेचं. मग गिटार ॲम्प्लिफायरला जोडायची, तारांवरचा हात काढायचा, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. झिणझिण उरली असेल तर अजून एक थेंब. एकदा ती मनासारखी गप्प झाली की मागच्या खोलीतल्या खुंटीवर एक दिवस टांगायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. "मुरू दे जरा," असं म्हणायचे. गिटारमध्ये मुरायचं काय असतं ते त्यांनाच ठाऊक, पण एकतीस वर्षांचा नियम होता. आणि एकतीस वर्षांत एकही गिटार परत आली नव्हती, हे ते अनोळखी माणसालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगून मोकळे होत.

दोन वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरने त्यांना कागदावर एक रेघ दाखवली. डावीकडे सरळ, उजवीकडे घसरगुंडी. वरचे बारीक आवाज गेलेत, वयामुळे होतं, यंत्र बसवून घ्या, असं तो म्हणाला. मास्तरांनी कागदाची घडी खिशात घातली आणि घरी येऊन बायकोला हसत हसत सांगितलं, "वरचे गेले म्हणे. जाऊ देत. आपला धंदा घुंवर चालतो, आणि घुं खालची. यंत्र म्हणे बसवा. ते स्वतःच कुंई करतं. ते कानात घालून मी दुसऱ्याची कुंई शोधू?"

मास्तरीणबाई हसल्या नाहीत. मग मास्तरही जरा गंभीर झाले. "पण एक सांगून ठेवतो. ज्या दिवशी एक गिटार परत येईल, त्या दिवशी आयर्न गुंडाळून ठेवीन. लोकांच्या वाद्यांची वाट लावत बसणार नाही."

"आणि मग करणार काय?"

"खिडकीत बसेन. दादासारखा."

दादा म्हणजे मास्तरांचा मोठा भाऊ. छापखान्यातून घरी बसला, खिडकीत खुर्ची टाकली, आणि बघता बघता त्याचं बोलणं आटलं. आधी गप्पा गेल्या, मग हो-नाही तेवढं उरलं, मग तेही गेलं. दुसरं वर्ष काही त्याने पाहिलं नाही. त्यामुळे मास्तर हे सहज म्हणाले तरी बाईंना ते हसण्यावारी नेता आलं नाही. त्या उठून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

पुढे दोन वर्षं गेली, एकही गिटार परत आली नाही. मास्तरांच्या अंगावर तर मूठभर मांस चढलं. "डॉक्टरला काय कळतंय," ते शिंप्याला सांगायचे, "कान वेगळे आणि कागद वेगळा." दुपारी दीड वाजता ते वरच्या खोलीत झोपायला जात, ते तीनला खाली येत. तेवढा वेळ मास्तरीणबाई दुकानात बसत, कुणी आलं-गेलं तर निरोप घ्यायला. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. एकदा तेवढं बटण शोधताना मास्तरांना बायकोच्या शिवणाच्या डब्यात हिरव्या नेलपॉलिशची बाटली सापडली. "या वयात हिरवी नखं?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला काय करायचंय?" बाई म्हणाल्या. बायकोची नखं हिरवी झालेली मास्तरांनी काही कधी पाहिली नाहीत, पण तेवढ्यावर त्यांनी आठवडाभर शिंप्याचं मनोरंजन केलं.

मग मास्तरीणबाईंच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्या दहा दिवस तिच्याकडे गेल्या. निघताना तीन-तीनदा म्हणाल्या, "मी येईपर्यंत नवं काम घेऊ नका हो. जरा आराम करा." मास्तरांनी बरं बरं म्हटलं आणि त्या दहा दिवसांत तीन गिटारी उरकून दिल्या. बायको घरात नाही म्हटल्यावर माणूस करणार काय?

बाई परत यायच्या त्याच दिवशी सकाळी शाळेतल्या संगीताच्या टीचर दुकानात आल्या. खांद्यावर नुकत्याच नेलेल्या गिटारची पिशवी, आणि चेहरा असा की चूक जणू त्यांचीच.

"मास्तर, रागावू नका हं."

"रागावतोय कशाला? तारा तुटल्या?"

"नाही. गिटार बोलते."

मास्तर हसले. टीचर हसल्या नाहीत. "काल बक्षीस समारंभ होता," त्या म्हणाल्या. "मुलं रांगेत उभी राहिली. मी खूण केली, एकदम शांत. सगळं सभागृह शांत झालं. आणि त्या शांततेत माझ्या गिटारमधून एक माणूस म्हणाला, उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील. लोक इतके हसले की पहिलं गाणं वायाच गेलं. आणि खाली सतत झिणझिण चालूच आहे."

"बघू," म्हणून मास्तरांनी गिटार घेतली, ॲम्प्लिफायरला जोडली, तारांवरचा हात काढला आणि डोळे मिटले. ऐकलं. अगदी मन लावून ऐकलं. काही नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"गप्प आहे की," ते म्हणाले.

टीचर त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, येतंय ना. आत्तासुद्धा येतंय."

मास्तरांनी शिंप्याला हाक मारली. त्याला मशीन बंद करून यायला सांगितलं. शिंपी आला, कात्री हातातच, स्पीकरपुढे उभा राहिला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "झिणझिणतंय, मास्तर," तो म्हणाला. "आणि मागे कुणीतरी गातंय, लांबून."

मास्तरांनी तारांवर हात ठेवला. शिंप्याची आठी गेली. हात काढला. आठी आली. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. हात ठेवल्यावर आवाज दबतो ही तर त्यांचीच रोजची चाचणी, आयुष्यभर कानाने केलेली. आज ती ते शिंप्याच्या कपाळावर वाचत होते, आणि स्वतःच्या कानात मात्र काही म्हणजे काही येत नव्हतं.

"उद्या संध्याकाळी घेऊन जा," ते टीचरना म्हणाले. "घाई नाही हो," टीचर म्हणाल्या, आणि जाताना त्यांनी दाराशी थांबून मागे पाहिलं. शिंपी तिथेच घुटमळत राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मास्तर एक शब्द बोलले नाहीत. इतक्या वर्षांच्या शेजारात असं कधी झालं नव्हतं. शेवटी शिंपीच म्हणाला, "चहा सांगू?" मास्तरांनी मान हलवली, हो की नाही ते कळलंच नाही, आणि तो आपला मशीनवर जाऊन बसला.

मास्तरांनी आयर्नची वायर गुंडाळली. नीट, एकेक वेढा सरळ करत. आयर्न खोक्यात ठेवलं, खोकं टेबलावर ठेवलं. दिलेला शब्द होता. खिडकी कुठली निवडायची तेवढं उरलं होतं.

पण चुकलं कुठे ते बघितल्याशिवाय राहवेना. त्यांनी टीचरच्या गिटारचं झाकण उघडलं आणि भिंगातून सांधे मोजले. अकरा सांधे, सहा थेंब. सहाव्या थेंबाला त्यांना ती गप्प वाटली होती, म्हणून ते तिथे थांबले होते. हात चांगले होते, थेंब चांगले होते, फक्त कानाने खोटी साक्ष दिली होती. आणि मग त्यांच्या मनात दुसराच विचार आला. कान काही या दहा दिवसांत गेले नव्हते. दोन वर्षं झाली होती. मग बाकीच्या गिटारी?

भिंतीवर औषधांच्या दुकानदाराची गिटार टांगलेली होती. तिचं एक बटण ढिलं झालं होतं म्हणून आली होती, पण वर्षापूर्वी तिला गप्प केली होती ती मास्तरांनीच. त्यांनी ती उतरवली आणि उघडली. सांधे बारा, थेंब बारा. सात थेंब त्यांचे होते, जरा ढोबळ, पोट सुटलेले. स्वतःचा थेंब माणूस ओळखतो. उरलेले पाच त्यांचे नव्हते. लहान, गुळगुळीत, चकचकीत. आणि त्या पाचही थेंबांशेजारी मोहरीएवढा एकेक हिरवा ठिपका.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणीतरी आपल्या कामावर हात फिरवलाय. त्यांनी तडक दुकानदाराला फोन लावला. "तुम्ही ही गिटार दुसऱ्या कुणाला दाखवली होती?"

"नाही हो मास्तर," तो बिचारा गांगरला. "तुमच्याशिवाय कुणाला दाखवणार? तुमच्याकडून आणली तेव्हापासून कशी एकदम छान आहे. का, काय झालं?"

"काही नाही. बटण झालंय," म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. खुंटीवर अजून एक गिटार होती, तारा बदलायला आलेली, आठ महिन्यांपूर्वी केलेली. ती उघडली. तिथेही तेच. चार थेंब परके, चार हिरवे ठिपके. एक तुटलेली वायर नव्याने जोडलेली, आणि जोडण्याआधी तिचं टोक हुकासारखं वाकवून त्याचा आकडा करून घेतलेला. आधी आकडा, मग थेंब. ही पद्धत मास्तरांनी एकाच ठिकाणी पाहिली होती.

एके काळी एक रेडिओचा कारखाना होता. आता तिथे गोदामं आहेत. लांबलचक टेबलाशी बायका ओळीने बसायच्या, प्रत्येकीसमोर आयर्न, आणि प्रत्येकीला रंगाची एक छोटी बाटली. आपण केलेल्या जोडाशेजारी आपल्या रंगाचा ठिपका लावायचा, तेव्हाच सेट पुढे सरकवायचा. कुणाचं काम ते कळायला हवं ना. टेबलाच्या टोकाला कानाला हेडफोन लावून तपासनीस बसायचा. सेट बरोबर असेल तर तो झाकणावर लाल ठिपका लावायचा. नसेल तर एकच शब्द बोलायचा: "परत." तो तपासनीस तेव्हा काळ्याभोर केसांचा होता आणि फारच शिष्ट होता. तिसऱ्या बाकावर हिरव्या ठिपक्याची मुलगी बसायची. तिचा एक सेट त्याने परत पाठवला तेव्हा ती तरातरा त्याच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "कुठे झिणझिणतंय, दाखवा." त्याने हेडफोन तिच्या कानाला लावला. तिने ऐकलं आणि म्हणाली, "सेट चांगला आहे. तुमच्या हेडफोनची वायर सुटलीय." अख्खा कारखाना हसला. सहा महिन्यांनी त्यांचं लग्न झालं.

चार वाजता मास्तरीणबाई आल्या. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांना टेबलावरचं खोकं दिसलं.

"कुठली आली परत?" त्यांनी विचारलं.

"टीचरची. अंशतः ढगाळ."

"तरी मी म्हणत होते, दहा दिवस फार होतात." त्यांनी चपला काढल्या, पिशवी कोपऱ्यात ठेवली, आणि मग त्यांचं लक्ष दोन उघड्या गिटारींकडे गेलं. त्या जागच्या जागी थांबल्या.

मास्तरांनी बोट दाखवलं. "हे काय आहे?"

"ठिपका आहे."

"कुणाचा?"

"तिसऱ्या बाकावरचा," बाई म्हणाल्या आणि समोरच्या स्टुलावर बसल्या.

"किती?"

"एकोणचाळीस. पाच तुमच्या बरोबर होत्या, त्यांना मी हात लावला नाही. तुम्ही झोपलात की खुंटीवरची काढायची, ऐकायची, काय राहिलंय ते करायचं, परत टांगायची. तुमचा तो मुरायचा नियम होता म्हणून बरं झालं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?" मास्तरांचा आवाज चढला. शिंप्याचं मशीन थांबलं. "दोन वर्षं मी इथे टेंभा मिरवतोय. आल्यागेल्याला सांगतोय, एकही परत आली नाही म्हणून."

"ऐकलंय मी. रोज."

"मग गप्प का बसलीस?"

"खोटं काय होतं त्यात? आली नव्हतीच." बाईंनी खोक्याकडे मान केली. "आणि सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही? हेच ना? मी दादांना पाहिलंय त्या खुर्चीत. त्यांना पाणी नेऊन द्यायची मी, आणि ते माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मला नको होतं ते. मला तुमची बडबड हवी होती."

मास्तरांनी भिंग उचलून पुन्हा एका ठिपक्यावर धरलं. मग त्यांनी विचारलं, "लपवायचंच होतं, तर ठिपके कशाला लावलेस?"

बाईंना जरा ओशाळल्यासारखं झालं. "बाटली मुद्दाम आणली त्यासाठी. लावायची काही गरज नव्हती, कळतं मला. पण ठिपक्याशिवाय काम पुढे पाठवायला हात होईना. तुमच्यापासून लपवलं ते लपवलं. पण केलेलं काम बेवारस सोडायचं, ते मला जमलं नाही."

मास्तर उठले, टेबलाला वळसा घालून बायकोजवळ आले आणि तिच्या शेजारच्या खोक्यावर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. "मला वाटलं माझे कान शाबूत आहेत," ते म्हणाले. "शाबूत होतीस तू. ही दोन वर्षं मला तू दिलीस. हे दुकान, ही माणसं, रोज सकाळी शटर वर करताना काय बरं वाटायचं मला. दादाला कुणी दिलं नाही असं. तुझे उपकार मी कसे फेडू मला कळत नाही. खरंच कळत नाही."

"उपकार कसले," बाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. "आयर्न लावा. तापायला वेळ लागतो."

"मी? अगं, मी शब्द दिला होता. गिटार परत आली."

"आली तर आली. कारखान्यात रोज सेट परत यायचे. परत आला म्हणून कुणी घरी बसायला गेलं का? नीट करायचा आणि पुढे पाठवायचा. माझे किती परत पाठवलेत तुम्ही?"

"अकरा."

"बारा. एक तुमच्या हेडफोनमुळे."

मास्तरांनी खोकं उघडलं. गुंडाळलेली वायर सोडवली आणि आयर्न तापायला लावलं. टीचरची गिटार मध्ये घेतली. मास्तरांनी सातव्या सांध्यावर थेंब टाकला. बाईंनी ॲम्प्लिफायर लावला, तारांवरचा हात काढला आणि डोळे मिटले.

"परत," त्या म्हणाल्या.

आठवा थेंब. "परत." नववा, दहावा. "परत." मास्तरांनी एकदा त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "मुद्दाम करत नाहीयेस ना, बारांचा सूड म्हणून?" बाई म्हणाल्या, "काम करा." अकरावा थेंब पडला. बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. पलीकडे शिंप्यानेही अजून मशीन सुरू केलं नव्हतं.

"गप्प आहे," बाई म्हणाल्या.

मास्तर म्हणाले, "आण ती तुझी हिरवी बाटली." बाईंनी पिशवी उघडली आणि शिवणाचा डबा काढला. त्यातून हिरवी बाटली बाहेर आली, आणि तिच्यामागोमाग अजून एक. लाल. झाकणाचं कागदी सीलसुद्धा मोडलेलं नव्हतं.

"ही केव्हा घेतलीस?"

"हिरवीबरोबरच. दोन वर्षं झाली."

"मग फोडली का नाहीस?"

"लाल ठिपका तपासनिसाचा," बाई म्हणाल्या. "तो तुमचा. मी राहिलेले थेंब टाकले, पास एकही केली नाही. ते काम माझं नव्हतं. म्हटलं, कधीतरी तुम्ही झाकण उघडालच, तेव्हा लागेल. सुकली असेल, जरा हलवून घ्या."

मास्तरांनी लाल बाटली तळहातावर घेतली. मग त्यांनी तिचं सील स्वतःच्या नखाने मोडलं, बाटली हलवली, झाकण फिरवून सैल केलं आणि ती बायकोच्या पुढ्यात ठेवली. हिरवी बाटली त्यांनी आपल्याकडे ओढली आणि भिंग डोळ्याला लावून, जीभ दातांत धरून, अकरा थेंबांशेजारी अकरा हिरवे ठिपके लावले. पहिले दोन-तीन जरा फताडे झाले. झाकण बसवल्यावर बाईंनी त्यावर लाल ठिपका लावला. त्यांचा हात अजून तसाच होता, ठिपका अगदी गोल आला.

त्या संध्याकाळी मास्तरांनी दोन फोन केले. त्या दहा दिवसांत दिलेल्या दुसऱ्या दोन गिटारींच्या मालकांना ते म्हणाले, "घेऊन या. तक्रार नसली तरी घेऊन या. मीच परत मागवतोय." मग ते शिंप्याकडे गेले आणि त्याला सगळी हकिगत सांगितली, कारखान्यापासून. शिंप्याने ती भिंतीतून आधीच ऐकली होती, पण तो मशीन बंद करून पुन्हा ऐकत बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टीचर आल्या. झाकणावरचा ठिपका बघून त्यांनी हे काय म्हणून विचारलं.

"आत हिरवे आहेत ते माझे," मास्तर म्हणाले. "बाहेरचा लाल हिचा. यापुढे इथून गिटार नेताना लाल बघून घ्यायचा. लाल नसेल तर न्यायची नाही, मी कितीही बडबड केली तरी. माझ्या धंद्याच्या बत्तिसाव्या वर्षी तीन गिटारी परत आल्यात. एक तुम्ही आणलीत, दोन मी बोलावल्या." हे सांगताना त्यांची मान पूर्वीइतकीच ताठ होती.

टीचरनी गिटार गळ्यात अडकवली, वायर जोडली, आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं आणि दोन्ही हात तारांवरून उचलले. दुकानात कुणी बोललं नाही. मास्तरांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. स्पीकरकडेही पाहिलं नाही. ते बायकोच्या कपाळाकडे बघत होते, आणि तिथे आठी नव्हती.